मूळ संख्यांचा उन्हाळा

वऱ्हाडात भीतीची वेळ रात्र नाही, दुपार आहे. उन्हाळ्यात रात्री इथे माणसं गच्चीवर आणि अंगणात खाटा टाकून गप्पा मारत पडलेली असतात. खरी सामसूम होते ती वैशाखातल्या दुपारी. बारा वाजून गेले की अमरावतीच्या आमच्या कॉलनीत कुत्रंदेखील दिसत नाही. खिडक्यांवर ओले पडदे, दारं लावलेली, रस्ता चुन्यासारखा पांढरा. अशा वेळी कोणी एकटं माणूस रस्त्याने गेलं तर त्याच्या चपलांचा आवाज भिंतीतून घरात येतो, आणि माणूस वळणापलीकडे गेल्यावरही थोडा वेळ येत राहतो असं वाटतं. लहानपणी आई सांगायची, बाराच्या उन्हात कोणी हाक मारली तर लगेच ओ द्यायची नाही. आधी पाहायचं, कोण आहे ते.

यंदाही ऊन असं तापलं आहे. मी निवृत्त गणित शिक्षिका, घरात एकटी, मांडीवर लॅपटॉप. हा नवा लॅपटॉप इतका गप्प आहे की काम करतोय की झोपलाय ते कळत नाही. पंख्याचीसुद्धा घरघर नाही. हात ठेवला तर किंचित कोमट लागतो, आजारातून उठलेल्या माणसाच्या कपाळासारखा. पूर्वीची यंत्रं अशी नव्हती. त्यांचं काम ऐकू यायचं. मी ते एका उन्हाळ्यात अकोल्याला ऐकलं, आणि भिंतीच्या पलीकडच्या बाजूने ऐकलं.

संगणकाशी माझी पहिली गाठ नागपूरला एम.एस्सी. करताना पडली. गाठ पडली म्हणजे तो दिसला असं नाही. आम्ही जाड कार्डांना भोकं पाडायचो, कार्डांचा गठ्ठा रबराने बांधून एका खिडकीतून आत द्यायचो, आणि काही दिवसांनी त्याच खिडकीतून उत्तराचा लांबलचक कागद बाहेर यायचा. आत काय आहे ते आम्ही कधी पाहिलं नाही. खिडकीतून थंड हवेचा झोत तेवढा तोंडावर यायचा. आमच्यातली एक मुलगी त्या खिडकीपुढे चपला काढून उभी राहायची. तिला कोणी हसलं नाही.

दहाएक वर्षांनी तेच यंत्र लहान होऊन आमच्या शाळेत आलं. मी तेव्हा अकोल्याला जुन्या शहराच्या बाजूला मुलींच्या शाळेत गणित शिकवत होते. सरकारी योजनेतून एकच यंत्र मिळालं. कीबोर्डच्याच पोटात सगळा मेंदू, आणि अक्षरं दिसायला एक टीव्ही. प्रोग्राम साठवायचा तो साध्या टेपरेकॉर्डरच्या कॅसेटवर. ती कॅसेट वाजवून पाहिली तर आतून अशी किंकाळी यायची की शाळेतली शिपाईबाई खोलीच्या उंबऱ्याशीच थबकायची. मागचा व्हरांडा विटांनी बंद करून त्यात यंत्राची खोली केली होती. खिडकीला वाळ्याचा पडदा होता, त्यावर पाणी मारायचं. सबंध शाळेत तेवढी एकच खोली गार असायची.

शाळेतून दोघांना प्रशिक्षणाला पाठवलं होतं, मला आणि विज्ञानाच्या गावंडे सरांना. सर दर्यापूरकडचे, बोलणं पक्कं वऱ्हाडी, हातात सदा कसला तरी उघडलेला रेडिओ नाही तर फ्यूज. जूनपासून मुलींना शिकवायचं, तर सुटीत आपणच आधी हात बसवून घ्यावा असं आम्ही ठरवलं. मुख्याध्यापिकाबाईंनी किल्ली दिली आणि एकच अट घातली, की यंत्र चालू ठेवून कोणी खोली सोडायची नाही. सकाळ-संध्याकाळ व्होल्टेज इतकं पडायचं की टीव्हीवरची अक्षरं आकसून जायची. दुपारी जरा बरं असायचं. म्हणून आम्ही दुपारी जायचो.

मी लिहिलेला पहिला मोठा प्रोग्राम मूळ संख्यांचा होता. मूळ संख्या म्हणजे जिला एक आणि ती स्वतः यांच्याखेरीज कशानेच भाग जात नाही अशी संख्या. पाच, सात, अकरा, तेरा. माझा प्रोग्राम अगदी अडाणी होता. तो एकेक विषम संख्या घ्यायचा आणि एक सोडून तिच्याहून लहान असलेल्या प्रत्येक संख्येने तिला भागून पाहायचा. कशानेच भाग गेला नाही, तर ती संख्या पडद्यावर छापायचा आणि पुढची घ्यायचा. गावंडे सर म्हणाले, "अहो बाई, एकदा भाग गेला की सोडून द्या ना त्या संख्येले. कायले शेवटपर्यंत तपासून राहिल्या?" मी म्हटलं, राहू द्या. सुरुवातीला आकडे भराभर यायचे. संख्या मोठ्या होत गेल्या की तपासायला जास्त वेळ लागायचा, आणि छापण्याचा वेग मंदावत जायचा. दोन मूळ संख्यांमध्ये कधी एकच संख्या असते, कधी खूप लांबची पोकळी असते, आणि पुढची मूळ संख्या कधी येईल ते आधी सांगता येत नाही. पडद्याकडे पाहत बसायला मला आवडायचं. घरी जायच्या वेळी मी यंत्र बंद करायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा तीनपासून सुरू.

अशाच एका दुपारी दाराशी एक बाई आली. पन्नाशीची, सुती नऊवारी, कपाळावर मोठं कुंकू, डोक्यावर ओला पदर. शाळेच्या मागच्या भिंतीला लागून तिच्या भावाचं घर होतं, तिथे ती राहायची. मी तिला नळावर पाहिलेलं होतं. नाव लीलाताई. ती आत आली नाही. दारातूनच खोलीभर नजर फिरवून तिने विचारलं, "बाई, तुमच्या खोलीत दुपारचं कोन चालते?"

"कोणी नाही. आम्ही दोघंच असतो. बसलेलो असतो."

"मंग आवाज कायचा येते?"

कुठे येतो म्हणून विचारलं तर म्हणाली, रेडिओत. गावंडे सर लगेच उठले. यंत्र तसंच चालू, म्हणून मी त्यांना थांबायला सांगितलं आणि एकटी तिच्याबरोबर गेले.

तिची खोली अंधारी होती. शेणाने सारवलेली जमीन, कोपऱ्यात माठ, आणि शाळेच्या बाजूच्या भिंतीत एका कोनाड्यात सेलवर चालणारा जुना रेडिओ. स्टेशनचा दुपारचा कार्यक्रम संपून गेलेला होता. नुसती खरखर चालू होती. त्या खरखरीच्या आत दुसरं काहीतरी होतं. मी जवळ गेले. आधी एक लांब घुमारा, कोणी नाकाने श्वास ओढावा तसा. तो संपला, की दुसरा. मग तिसरा. आणि मग टक. पुन्हा एक घुमारा आणि लगेच टक. मग चार-पाच श्वास, आणि टक.

ही लय मला तोंडपाठ होती, पडद्यावर आकडे याच लयीत यायचे. मी धावत शाळेत आले आणि सरांना म्हटलं, यंत्र एकदा बंद करा, थोड्या वेळाने चालू करा. परत तिच्या खोलीत पोचले तेव्हा रेडिओत नुसती खरखर होती. लीलाताई भिंतीला टेकून बसली होती.

"थांबले," ती म्हणाली.

थोड्या वेळाने सरांनी यंत्र चालू केलं. पहिल्या छोट्या संख्या भराभर गेल्या आणि रेडिओत टकटकटक असा आवाज झाला, कोणी झपझप निघाल्यासारखा.

"निघाले पुन्हा," ती म्हणाली. आवाजात आनंद नव्हता. रोजची गोष्ट सांगावी तसं ती म्हणाली.

गावंडे सरांना हे कळलं तेव्हा ते हरखून गेले. त्यांनी मला समजावलं की या यंत्राच्या आत विजेचा ठोका सेकंदाला लाखो वेळा पडतो, आणि त्यातून रेडिओच्या लहरी आपोआप बाहेर पडतात. प्लास्टिकचं खोकं त्या अडवत नाही. एकेक संख्या तपासणं म्हणजे तो घुमारा, आणि मूळ संख्या सापडून पडद्यावर छापली जाते तेव्हा टक. ते म्हणाले, सुरुवातीच्या काळात खोलीएवढे संगणक होते, काचेच्या व्हॉल्व्हचे, तेव्हा लोक मुद्दाम त्यांना भोंगा जोडून ठेवायचे. यंत्र नीट चाललंय की कुठे अडकलंय ते कानांनी ओळखायचे. "म्हणजे त्या माउलीनं बरोबरच ऐकलं," सर म्हणाले.

मी विचारलं, "पण ती 'निघाले' कोणाला म्हणते?"

ते मला दुसऱ्या दिवशी कळलं. मी मुद्दामच गेले. लीलाताईने माठातलं पाणी दिलं आणि विचारायची वाट न पाहता सांगितलं.

तिचा नवरा अकोटला कापसाच्या एका जिनिंगमध्ये फिटर होता. शोभा नावाची एक मुलगी, ती लग्न होऊन मूर्तिजापूरला गेलेली. नवऱ्याला लीलाताई शोभाचे बाबा म्हणायची. वैशाखात त्याच्या बहिणीकडे अंजनगावला लग्न होतं. लीलाताईला बरं नव्हतं, म्हणून तो एकटाच निघाला. अकोटहून निघालेली एस.टी. मधल्या रस्त्यात बंद पडली. आजूबाजूला काळी शेतं, पीक निघून गेलेलं, सावलीला दोन बाभळी. कंडक्टर म्हणाला, दुसरी गाडी येईन. लोक गाडीच्या सावलीत बसले. शोभाचे बाबा थोडा वेळ बसले आणि म्हणाले, मी होतो पुढे, लग्न लागायच्या आत पोचलो पाह्यजे. लोकांनी अडवलं. तो गेला.

"सगळ्यायनं पाह्यलं त्यायले जातानी," लीलाताई म्हणाली. "रस्ता सरळ हाय तठी. गाडीतली एक बाई मले भेटाले आली होती. तिनं सांगतलं, आधी पाय दिसेनासे झाले. रस्त्यावर पान्यावानी चमकते ना उन्हात, त्याच्यात. मंग कमरेपर्यंत. मंग नुसतं डोकं आन् टोपी. मंग थेही नाही. बाई म्हने, आमाले वाटलं गेले पुढं. दुसरी गाडी आली, त्याच रस्त्यानं गेली. कुठीच भेटले नाही."

अंजनगावला तो पोचला नाही. शेतं धुंडाळली, विहिरी पाहिल्या, पोलिसांनी दोन्ही गावांत विचारपूस केली. चप्पलसुद्धा सापडली नाही. त्या गोष्टीला तेव्हा आठ-नऊ वर्षं झाली होती. लोक म्हणत होते, आता विधी करून टाका. सासरच्यांनी कुंकू पुसायला सांगितलं, तिने ऐकलं नाही, म्हणून ती भावाकडे अकोल्याला आली.

"येवढ्या उन्हात कोनी चालत जाते का?" ती म्हणाली. "थे आले, की पयलं हेच विचारीन त्यायले. मानसाले अक्कल असावी की नाही."

हे सगळं ती सांगत असताना कोनाड्यातला रेडिओ चालूच होता. श्वास, श्वास, श्वास, टक.

त्या दिवशी खोलीत परतल्यावर मला पडद्याकडे पाहवेना. रोज दुपारी आम्ही त्या माणसाला त्या दोन बाभळींपासून काढतो, झपझप चालायला लावतो, दमवतो, आणि घरी जायच्या वेळी रस्त्यातच सोडून देतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून. असं काही नाही हे मला माहीत होतं. तरी बटण दाबताना बोट अडखळायचं.

गावंडे सरांचं म्हणणं सरळ होतं. म्हाताऱ्या बाईला फसवत ठेवणं बरं नाही, तिला इथे आणून दाखवावं. मला पटलं. एका दुपारी तिला बोलावलं. ती चपला बाहेर काढून आत आली, वाळ्याच्या पडद्याचा गारवा अंगावर येताच क्षणभर डोळे मिटले, आणि मी दिलेल्या खुर्चीवर न बसता भिंतीशी जमिनीवर बसली. सरांनी त्यांचा रेडिओ यंत्राजवळ धरला. आवाज आला, जवळून, मोठा. सरांनी बटण दाबलं, बंद. पुन्हा चालू. पडद्यावर आकडे धावायला लागले. "हे पाहा ताई, आकडा आला का टक वाजते. आला, वाजला. कोनी चालून नाही राहिलं. हे मशीन हाय."

ती बराच वेळ पाहत राहिली. मग शांतपणे म्हणाली, "मशीन हाय थे मले समजते, सर. पागल नाही मी. रेडिओत गानं लागते तवा गानारीन रेडिओत बसली नसते, हेबी समजते." मग माझ्याकडे वळली. "बाई, हे आकडे कुठवर जातात?"

"संपत नाहीत," मी म्हटलं. "कितीही पुढे गेलं तरी मूळ संख्या मिळतच राहते. शेवटची अशी नसतेच. हे फार जुन्या काळी लोकांनी सिद्ध केलं आहे."

हे वाक्य मी वर्गात कितीदा आनंदाने म्हटलं असेल. त्या खोलीत ते म्हटल्यावर माझ्याच कानांना कसंतरी झालं. लीलाताईचा चेहरा उतरला. ती म्हणाली, "म्हंजे पोचतच नाही."

टीव्हीवर आकडे येत होते.

"एक दिवस थांबवू नका," ती म्हणाली. "तुमी रोज घरी जाताना बंद करता. एक दिवस चालू द्या. नाई पोचले तर नाई पोचले. पन रोज रोज पयल्यापासून नको. थकले असतीन थे."

ती गेल्यावर आमचं दोघांचं थोडं वाजलं. सरांचं म्हणणं, यंत्र तापून जळलं तर? जिल्ह्यात अशी यंत्रं हाताच्या बोटांवर मोजण्याएवढी, शाळेला दुसरं मिळणार नाही, जूनमध्ये मुलींना काय दाखवायचं? खोटं नव्हतं ते. मलाही त्याचीच धास्ती होती. पण मी म्हटलं, एक दिवस. तुम्ही यंत्राशी बसा, वाळ्याच्या पडद्यावर पाणी मारत राहा. मी तिच्याकडे बसते. फार तापलं तर बंद करा आणि मला सांगायला या. शेवटी सर म्हणाले, "ठीक हाय. पन मले हे काई चांगलं नाही वाटून राहिलं."

व्होल्टेज कमी असूनही त्या दिवशी आम्ही सकाळीच सुरू केलं. मी लीलाताईच्या खोलीत पोचले तेव्हा झपझप पावलं संपून चाल लागली होती. तिने दार लावून घेतलं. आधी ती निवडायला गहू घेऊन बसली. मग सूप बाजूला ठेवलं. उन्हं चढली तसे श्वास लांबत गेले. मला पडद्यावाचूनही कळत होतं की आता संख्या हजाराच्या पुढे गेल्या. एका श्वासाच्या अंतराने दोन पावलं आली की मी मनात म्हणायची, जोडमूळ, अकरा-तेरासारखी जोडी. लीलाताई म्हणायची, "ठेचकाळले." लांब पोकळी आली, नुसतेच श्वास, श्वास, श्वास, की तिचा हात पोटाशी जायचा, आणि टक झालं की सैल व्हायचा. काही वेळाने माझाही हात तसाच जायला लागला.

माझ्या मनात त्या वेळी मूळ संख्या राहिल्या नव्हत्या. काळ्या शेतांमधला एक सरळ रस्ता होता आणि एका माणसाची पाठ होती. गणित मला येत होतं, यंत्र कसं चालतं तेही येत होतं, आणि तरीही प्रत्येक टक ऐकताना मला धुळीत टेकलेलं पाऊल ऐकू येत होतं. आपल्याला एखादी गोष्ट ठाऊक असली म्हणजे तिची भीती जाते असं मी तोवर समजत होते.

भर दुपार झाली. लीलाताई जेवली नाही, मीही नाही. बाहेर पाखरू नव्हतं. एका पावलानंतर दुसरं पाऊल यायला आता तांब्याभर पाणी सावकाश पिऊन होईल इतका वेळ लागत होता. मग एका श्वासाच्या मधेच काहीतरी बदललं. घुमारा तुटला. रेडिओत पोकळ खरखर राहिली.

आम्ही दोघी वाट पाहत राहिलो.

टक.

लीलाताईने माझा हात धरला. तिचा हात बर्फासारखा गार होता. "श्वास नाही ऐकू येऊन राहिला," ती हळूच म्हणाली. "नुसतं पाऊल."

मी ऐकत होते. खरंच घुमारा नव्हता. बऱ्याच वेळाने पुन्हा टक. मग खूप वेळ काही नाही. मग लांबून आल्यासारखं, अगदी बारीक, एक टक. त्यानंतर नुसती खरखर.

किती वेळ गेला सांगता येणार नाही. लीलाताई उठली, कोनाड्याशी गेली आणि तिने स्वतःच्या हाताने रेडिओ बंद केला. "बसले," ती म्हणाली. "बसले कुठीतरी."

तेवढ्यात दाराची कडी वाजली. गावंडे सर होते, घामाने निथळलेले. म्हणाले, "बाई, लाइन गेली. कवाचीच गेली. मी म्हटलं लाइन येईन आता, येईन आता, म्हनून वाट पाहत बसलो खोलीतच. मशीन ठीक हाय, हात लावून पाह्यला."

मी त्यांना विचारलं, लाइन गेल्यावर यंत्र चालू नव्हतं ना? ते माझ्याकडे बघतच राहिले. "लाइनशिवाय कसं चालन?"

बाहेर आल्यावर मी त्यांना ती तीन पावलं सांगितली. सर म्हणाले, दूर कुठे वीज कडाडली की रेडिओत असा आवाज येतो, आभाळ इथे मोकळं असलं तरी. मेळघाटाकडे ढग असतील. संध्याकाळी उत्तरेला खरंच ढग दिसले, पाऊस मात्र आला नाही. कारण बरोबरच होतं. मी ते मान्य केलं आणि आजही करते. फक्त अंजनगाव त्याच बाजूला आहे, मेळघाटाच्या पायथ्याशी, एवढं मनात येऊन जातं.

पुढे शाळेत दुसरी यंत्रं आली, पत्र्याच्या पेटीतली. मग त्याहून वेगवान. लहरी अडवायला आत धातूचे पडदे बसवू लागले, आणि ठोके इतके जलद झाले की साध्या रेडिओच्या कानाला ते लागेनात. परवा मी तोच अडाणी प्रोग्राम या लॅपटॉपवर लिहून पाहिला. त्या दुपारी ज्या संख्येपाशी लाइन गेली होती तिथवर पोचायला त्याला डोळा मिटून उघडण्याइतकाही वेळ लागला नाही. सगळा रस्ता एका क्षणात. वाटेत कोणी दमलं नाही, ठेचकाळलं नाही. बाजूला जुना रेडिओ ठेवून पाहिला, काही ऐकू आलं नाही. खिशातल्या फोनमध्येसुद्धा आता असे अब्जावधी ठोके पडत असतात. आपल्या अंगाला लागून सतत काहीतरी चाललेलं आहे, आणि आपल्या कानांवर त्यातलं एक पाऊलही येत नाही, हे मला त्या दिवसाच्या खरखरीपेक्षा जास्त गूढ वाटतं.

त्या दुपारनंतर लीलाताईचा रेडिओ दुपारी बंद असायचा. आम्ही प्रोग्राम चालवायचो तरी ती विचारायला आली नाही. सुटी संपायच्या आधी मात्र एकदा दारात उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, तुमी माझ्यासंगं अकोटच्या पुढं येता का? त्या रस्त्यानं मी अजून गेलीच नाही."

आम्ही सकाळच्या गाडीने अकोटला गेलो, तिथून अंजनगावची एस.टी. पकडली. ती खिडकीशी बसली आणि बाहेर पाहत राहिली. दोन बाभळी दिसल्यावर तिने कंडक्टरला गाडी थांबवायला सांगितलं. तो म्हणाला, "अठी कुठी उतरता, माय? अठी काहीच नाही." ती म्हणाली, "अठीच उतरतो." गाडी धूळ उडवत गेली आणि आवाज संपल्यावर एवढी शांतता झाली की कानात दडे बसल्यासारखं वाटलं. ऊन डोक्यावर यायला लागलं होतं. दोन्ही बाजूंना भेगाळलेली काळी जमीन, मधून सरळ डांबरी रस्ता, आणि पुढे रस्त्यावर पाणी सांडल्यासारखी चमक.

"तुमी सावलीत थांबा," ती मला म्हणाली. "मी येतो."

मी अडवलं नाही. ती पदर डोक्यावर घट्ट करून निघाली. भराभर नाही, मंद नाही, कामाला जाणारी बाई चालते तशी. मी बाभळीखालून पाहत होते. त्या चमकेत आधी तिचे पाय विरघळले. मग नऊवारीचा काठ. मग कमर. डोक्यावरचा पदर तेवढा राहिला, पाण्यावर तरंगणाऱ्या पानासारखा, आणि मग तोही दिसेना. मी हाक मारायला उठून रस्त्याच्या कडेपर्यंत आले. रस्ता रिकामा होता. वारा नव्हता. माझ्या स्वतःच्या श्वासाखेरीज कशाचाच आवाज नव्हता.

मग त्या चमकेतून काहीतरी काळं वर आलं. आधी डोकं, मग खांदे, मग पाय. ती परत येत होती. जवळ आली तेव्हा चेहरा लाल झालेला, ओठ सुकलेले, कुंकू घामाने थोडं ओघळलेलं. मी पाण्याची बाटली पुढे केली. तिने घोटभर पाणी रस्त्याच्या कडेला ओतलं आणि उरलेलं उभ्याउभ्याच पिऊन टाकलं. पदराने तोंड पुसलं. आली त्या वाटेकडे वळून पाहिलं.

"लय लांब नाही वाटत, बाई," ती म्हणाली. "चालन्यासारखं हाय."